ब्लॅकबर्न ऑलिंपिक : गिरणीकामगारांच्या एका फुटबॉल मंडळाचा अकरा वर्षांचा इतिहास

१. विषयाचे स्वरूप

खेळांच्या इतिहासाकडे गंभीर अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्याची प्रथा आपल्याकडे अद्याप फारशी रूढ झालेली नाही. खेळ म्हणजे करमणूक आणि करमणूक म्हणजे इतिहासाच्या कडेला पडलेली किरकोळ सामग्री, असा एक समज विद्वानांतही आढळतो. वस्तुतः एखाद्या समाजात कोण खेळतो, कोणत्या दिवशी खेळतो आणि खेळण्यासाठी लागणारा वेळ त्याला कोणाकडून मिळतो, या प्रश्नांची उत्तरे शोधू लागले की त्या समाजाच्या आर्थिक रचनेवर अनपेक्षित प्रकाश पडतो. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने इंग्लंडातील एका अल्पायुषी फुटबॉल मंडळाच्या इतिहासाचे विवेचन करावयाचे आहे.

हे मंडळ म्हणजे लँकाशायर परगण्यातील ब्लॅकबर्न गावचे ‘ब्लॅकबर्न ऑलिंपिक’. १८७८ मध्ये ते स्थापन झाले आणि १८८९ मध्ये बंद पडले. या अकरा वर्षांत त्याने फुटबॉल असोसिएशनचा चषक एकदाच, १८८३ साली, जिंकला. परंतु त्या एका विजयाने चषकावरील इंग्लंडच्या दक्षिण भागाची आणि उच्चवर्गीय हौशी खेळाडूंची मक्तेदारी संपुष्टात आली. ती का संपली आणि ती संपविणारे मंडळ त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत का नाहीसे झाले, हे दोन प्रश्न येथे विचारार्थ घेतले आहेत. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. गिरणीगाव आणि शनिवारची दुपार

ब्लॅकबर्न हे विणकरांचे गाव. सूतकताईच्या यंत्राचा एक जनक जेम्स हारग्रीव्हज हा याच परिसरातला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावाची वस्ती सुमारे एक लक्षापर्यंत वाढली आणि यंत्रमागांवर विणलेले स्वस्त कापड हे त्याचे मुख्य उत्पादन ठरले. या कापडाचा फार मोठा भाग हिंदुस्थानात येत असे आणि त्यातही धोतरांचे कापड ही तर ब्लॅकबर्नची खासियतच होती. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लँकाशायरला कापूस मिळेनासा झाला, तेव्हा मुंबई बंदरातून गेलेल्या कापसावर तेथील गिरण्यांना काही अंशी तग धरावा लागला. मुंबईत त्या काळी जी अकस्मात् सुबत्ता आली आणि १८६५ मध्ये जी ओसरली, ती याच घटनेची दुसरी बाजू होय. तात्पर्य, ज्या गावाची ही हकीकत आहे ते महाराष्ट्रीय वाचकाला वाटते तितके परके नाही. आपल्या पणजोबांच्या अंगावरील धोतर तेथे विणलेले असण्याचा संभव बराच आहे.

अशा गावातील मजूर फुटबॉल खेळू कधी लागला? फुटबॉल हा खेळ इंग्लंडात जुनाच आहे. परंतु नियमबद्ध स्वरूपात तो शाळा व विद्यापीठे यांमध्ये वाढला आणि १८६३ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या फुटबॉल असोसिएशनने त्याला एक नियमावली दिली. मजुराला मात्र नियमांपेक्षा वेळेची निकड होती. रविवार हा धर्माचरणाचा दिवस असल्याने त्या दिवशी सार्वजनिक खेळ शिष्टसंमत नव्हते. आठवड्याचे उरलेले सहाही दिवस गिरणीचे होते.

ही कोंडी फोडली ती कारखानाविषयक कायद्यांनी. १८५० च्या कायद्यान्वये कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांना शनिवारी दुपारी दोन वाजता सोडणे बंधनकारक झाले. १८७४ च्या कायद्याने आठवड्याचे कामाचे तास साठांवरून साडेछप्पन्नांवर आणले आणि शनिवारची सुटी आणखी अलीकडे ओढली. हे कायदे प्रौढ पुरुषांसाठी नव्हते. परंतु स्त्रिया व मुले निघून गेल्यावर गिरणी चालविणे अशक्य असल्यामुळे पुरुषांचीही सुटका आपोआप झाली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शनिवारी दुपारी मैदानावर जमणारा तो पुरुषांचा खेळ ज्या फुरसतीवर उभा राहिला, ती फुरसत कायद्याने मुळात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी मिळविलेली होती.

३. मंडळाची स्थापना

ब्लॅकबर्नमध्ये पहिले महत्त्वाचे मंडळ १८७५ मध्ये निघाले. ते ‘ब्लॅकबर्न रोव्हर्स’. त्याच्या संस्थापकांत गावातील सुस्थितीतील घराण्यांचे व चांगल्या शाळांत शिकलेले तरुण होते. ऑलिंपिकचा जन्म याहून साध्या परिस्थितीत झाला. ‘ब्लॅक स्टार’ आणि ‘जेम्स स्ट्रीट’ या तरुण मुलांच्या दोन लहान मंडळांनी फेब्रुवारी १८७८ मध्ये एकत्र येऊन नवे मंडळ स्थापिले. त्याला ‘ऑलिंपिक’ हे नाव सुचविले मंडळाचे पहिले खजिनदार जेम्स एडमंडसन यांनी. ग्रीसमधील प्राचीन ऑलिंपिया येथे त्या सुमारास चाललेल्या उत्खननाची वार्ता त्यांच्या मनात होती, असे सांगतात. पुढील वर्षी मंडळाला ‘होल-इन-द-वॉल’ नावाच्या मद्यगृहालगतचे मैदान मिळाले आणि अखेरपर्यंत तेच त्याचे घर राहिले.

स्थापनेचे हे वर्ष लँकाशायरच्या मजुरांच्या इतिहासात अत्यंत कडवट म्हणून नोंदले गेले आहे. व्यापारातील मंदीचे कारण पुढे करून गिरणीमालकांनी वेतनात शेकडा १० कपात जाहीर केली. त्याविरुद्ध एप्रिल १८७८ मध्ये उत्तर लँकाशायरच्या विणकरांनी संप पुकारला व तो कित्येक आठवडे चालला. मे महिन्यात ब्लॅकबर्न परिसरात दंगल उसळली आणि मालकसंघाचे अध्यक्ष कर्नल जॅक्सन यांचे निवासस्थान जमावाने जाळून टाकले. अखेर संप मोडला आणि कपात कायम राहिली. फुटबॉलच्या या मंडळाचा संपाशी संबंध होता असे मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु ज्या वर्षी मजुराला आपल्या श्रमाचे मोल ठरविण्याच्या झगड्यात हार खावी लागली, त्याच वर्षी त्याच गावातील तरुण पोरांनी हे मंडळ उभारले. पुढे ‘खेळाला मोल असावे काय’ हा वाद पेटला, तेव्हा या गावची माणसे त्यात इतक्या आग्रहाने का उतरली, याचा उलगडा या पार्श्वभूमीवर होतो.

४. डार्वेनचा धडा

फुटबॉल असोसिएशनच्या चषकाची स्पर्धा १८७१-७२ च्या हंगामात सुरू झाली. पहिल्या अकरा वर्षांत हा चषक दक्षिणेकडील मंडळांच्या बाहेर गेला नाही. वाँडरर्स, रॉयल एंजिनियर्स, ऑक्सफर्ड विद्यापीठ, ओल्ड ईटोनियन्स, ओल्ड कार्थ्यूशियन्स ही विजेत्यांची नावे पाहिली, म्हणजे त्यांत माजी विद्यार्थी, पदवीधर आणि लष्करी अधिकारी यांचाच भरणा असल्याचे दिसून येते.

उत्तरेकडील मंडळांना ही स्पर्धा किती विषम होती, हे ब्लॅकबर्नच्या शेजारील डार्वेन गावाच्या अनुभवावरून समजते. १८७९ मध्ये डार्वेनचे मंडळ उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले. प्रतिस्पर्धी होते ओल्ड ईटोनियन्स, म्हणजे ईटनच्या प्रसिद्ध शाळेचे माजी विद्यार्थी. सामना लंडनमध्ये व्हावयाचा होता. पाहुण्यांवर एकास पाच असे गोल चढले असताना त्यांनी उरलेल्या थोड्या वेळात चार गोल करून बरोबरी साधली. जादा वेळ खेळून निकाल लावण्यास ईटोनियन्सनी नकार दिला. परिणामी दुसऱ्यांदा लंडनची वारी करणे प्राप्त झाले. तो सामनाही दोन-दोन असा बरोबरीत सुटला. तिसऱ्या खेपेस डार्वेनचा दोनास सहा असा पराभव झाला.

या तीन वाऱ्यांचा खर्च गावकऱ्यांनी वर्गणी गोळा करून भागविला. आगगाडीचे भाडे वर्गणीतून निघाले तरी बुडालेल्या दिवसांचे वेतन कोणी द्यावयाचे? लंडनला राहणाऱ्या प्रतिपक्षाला दुपारपुरते मैदानावर येणे पुरेसे होते. विणकराला मात्र एका सामन्यासाठी मागावरील दोन दिवस गमवावे लागत. मैदानावर दोन्ही पक्षांकडे अकरा-अकरा खेळाडू होते हे खरे. पण मैदानाबाहेरचा हिशेब समसमान नव्हता. उत्तरेकडील मंडळांच्या पुढील वर्तनाचा विचार करताना डार्वेनचा हा धडा विसरून चालणार नाही.

५. १८८३ चा चषक

ऑलिंपिकचे पहिले दोन प्रयत्न निष्फळ ठरले. १८८०-८१ मध्ये शेफील्डने आणि पुढील वर्षी डार्वेनने त्यांना पराभूत केले. १८८२ चा अंतिम सामना खेळण्याचा मान गावातील मातब्बर रोव्हर्स मंडळाला मिळाला. परंतु ओल्ड ईटोनियन्सनी त्यांच्यावर एका गोलाने मात केली. १८८२-८३ च्या हंगामात मात्र ऑलिंपिक एकेक फेरी सर करीत उपांत्य सामन्यापर्यंत गेले आणि तेथे ओल्ड कार्थ्यूशियन्स या माजी विजेत्यांचा त्यांनी चार गोलांनी धुव्वा उडविला.

या यशामागे दोन गोष्टी होत्या. पहिली गोष्ट म्हणजे जॅक हंटर हा शेफील्डकडून आलेला, इंग्लंडच्या संघातून खेळलेला अनुभवी खेळाडू. तो स्वतः खेळत असे व इतरांना शिकवीतही असे. दुसरी गोष्ट म्हणजे पूर्वतयारी. महत्त्वाच्या सामन्यापूर्वी संपूर्ण संघाला ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी नेऊन ठेवण्यात आले. तेथे ठरीव आहार, वाळूवरील चालणे व सराव असा नियमित दिनक्रम आखलेला होता. सामन्यासाठी अशी खास तयारी करणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. तिचा आर्थिक भार लोखंडाच्या ओतशाळेचे स्थानिक मालक सिडनी येट्स यांनी उचलला. मजुरांच्या संघाला मजुरीतून काही दिवस मोकळीक मिळाली ती अशी, एका कारखानदाराच्या आश्रयाने.

अंतिम सामना ३१ मार्च १८८३ रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हल मैदानावर झाला. सुमारे ८,००० प्रेक्षक जमले होते. एका बाजूस गतविजेते ओल्ड ईटोनियन्स. त्यांचा नायक आर्थर किनेअर्ड हा उमराव घराण्यातील व पेढीच्या व्यवसायातील गृहस्थ. गोलरक्षक रॉलिन्सन पुढे पार्लमेंटचा सभासद झाला, गुडहार्ट एडिंबरो विद्यापीठात लॅटिनचा प्राध्यापक झाला आणि आर्थर डन याने स्वतःची शाळा काढली. दुसऱ्या बाजूस विणकर, सूत कातणारे, ओतशाळेतील कामगार, आणि नायक म्हणून अल्बर्ट वॉरबर्टन हा नळ बसविणारा कारागीर. एका समाजाचे दोन थर इतक्या स्पष्टपणे समोरासमोर उभे ठाकल्याचा प्रसंग क्रीडेच्या इतिहासात विरळाच.

पहिला गोल गुडहार्टने केला. उत्तरार्धात आर्थर मॅथ्यूजने बरोबरी साधली. दरम्यान डनला दुखापत होऊन त्याला मैदान सोडावे लागले आणि बदली खेळाडूची तरतूद तेव्हा नसल्याने ईटोनियन्सना दहा जणांनिशी खेळणे भाग पडले. निर्धारित वेळेत निकाल न लागल्याने जादा वेळ खेळविण्यात आला. त्यात जॉन येट्सने दिलेला चेंडू सूतगिरणीतील कामगार जिमी कॉस्टली याने गोलात मारला आणि सामना दोनास एक असा ऑलिंपिकने जिंकला.

या विजयाचे श्रेय केवळ प्रतिपक्षाच्या एका खेळाडूच्या दुखापतीस देणे न्याय्य होणार नाही. ईटोनियन्सची पद्धती चेंडू पायाशी ठेवून एकट्याने मुसंडी मारण्याची. ऑलिंपिकचे खेळाडू चेंडू एका बगलेकडून दुसऱ्या बगलेकडे लांबवर देत आणि प्रतिपक्षाला धावावयास लावीत. ही पद्धती यशस्वी होण्यास एकमेकांच्या हालचालींची सवय व्हावी लागते, आणि सवय होण्यास एकत्र घालविलेला वेळ लागतो. म्हणजे मैदानावरील डावपेचांचा प्रश्नही शेवटी वेळेपाशीच येऊन ठेपतो.

चषक घेऊन संघ ब्लॅकबर्नला परतला तेव्हा वाद्यांच्या गजरात त्याची मिरवणूक निघाली. हा चषक आता लँकाशायरमध्येच नांदेल व लंडनला परत जाणार नाही, अशा आशयाचे उद्गार वॉरबर्टनने त्या प्रसंगी काढल्याचे सांगतात. पुढील तीनही वर्षे, म्हणजे १८८४, १८८५ व १८८६ मध्ये, चषक ब्लॅकबर्नलाच राहिला. परंतु तो ऑलिंपिककडे नव्हे, तर रोव्हर्सकडे.

६. ‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’

विजयापाठोपाठ आक्षेपही आले. मजुरी करून पोट भरणारी माणसे कामधंदा सोडून समुद्रकाठी सरावासाठी राहूच कशी शकतात, असा प्रश्न दक्षिणेकडील टीकाकारांनी उपस्थित केला. प्रश्नात खोच होती. या खेळाडूंना गुप्तपणे मोबदला मिळतो, असे त्यातून सूचित करावयाचे होते. फुटबॉल असोसिएशनच्या १८८२ च्या नियमानुसार खेळाडूला प्रत्यक्ष खर्च व प्रत्यक्ष बुडालेले वेतन याहून अधिक काही घेण्यास मनाई होती. या नियमाचा भंग उत्तरेकडे सर्रास होत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्कॉटलंडहून चांगले खेळाडू आणावयाचे, त्यांना गावात नावापुरती नोकरी द्यावयाची आणि सामन्यानंतर गुपचूप काही रक्कम हातावर ठेवावयाची, ही पद्धत सर्वश्रुत होती.

हौशीपणाच्या पुरस्कर्त्यांची भूमिका सर्वस्वी ढोंगी होती असे समजण्याचे कारण नाही. पैसा शिरला की खेळाचा व्यापार होईल, श्रीमंत मंडळे चांगले खेळाडू विकत घेतील आणि गाव व संघ यांचे नाते तुटेल, ही त्यांची भीती प्रामाणिक होती. पुढील घटनांनी ती काही प्रमाणात खरीही ठरविली. तथापि त्यांच्या युक्तिवादातील उणीव अशी की, ज्याला उपजीविकेची चिंता नाही अशा मनुष्याची स्थिती हीच त्यांनी खेळाडूची स्वाभाविक स्थिती मानली. मोबदला न घेता खेळणे हा गुण खराच. परंतु तो गुण अंगी बाणविण्यास ज्याला काहीही सोडावे लागत नाही, त्याने तो सर्वांवर नियम म्हणून लादावा हे न्यायाचे नव्हे.

वादाला तोंड फुटले ते जानेवारी १८८४ मध्ये. लंडनच्या अप्टन पार्क मंडळाने प्रेस्टन नॉर्थ एंडविरुद्ध तक्रार गुदरली. प्रेस्टनचे सूत्रधार व गिरणीचे व्यवस्थापक विल्यम सडेल यांनी आरोप नाकारला नाही. उलट, ही प्रथा सर्वत्र आहे असे सांगून त्यांनी ती मान्य केली. प्रेस्टनला स्पर्धेतून काढून टाकण्यात आले. त्यावर ऑक्टोबर १८८४ मध्ये उत्तरेकडील मंडळांनी स्वतंत्र संघटना स्थापण्याची धमकी दिली. अखेर २० जुलै १८८५ रोजी असोसिएशनने काही अटींवर धंदेवाईक खेळाडूंना मान्यता दिली. चषकाच्या सामन्यासाठी खेळाडू मंडळाच्या सहा मैलांच्या परिसरात जन्मलेला किंवा तेथे दोन वर्षे राहिलेला असावा, ही त्यांतील एक प्रमुख अट होय.

७. ऱ्हास

येथवरच्या हकीकतीवरून वाचकाची अशी अपेक्षा होईल की, नव्या व्यवस्थेचा सर्वाधिक लाभ मजुरांच्या या मंडळाला झाला असेल. घडले ते याच्या उलट. मोबदला देणे कायदेशीर झाले त्या क्षणापासून तो देण्याची ऐपत कोणाची, हा प्रश्न निर्णायक ठरला. मंडळाचे उत्पन्न म्हणजे दारावरील प्रवेशशुल्क. ब्लॅकबर्नसारख्या गावात दोन नामांकित मंडळे पोसण्याइतके प्रेक्षक नव्हते. रोव्हर्सकडे आश्रयदाते अधिक, मैदान चांगले आणि यशाची परंपरा सलग. प्रेक्षक तिकडे वळले, प्रेक्षकांमागून पैसा वळला आणि पैशामागून खेळाडू. १८८४ मध्ये ऑलिंपिक उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले, पण स्कॉटलंडच्या क्वीन्स पार्क मंडळाने त्यांना चार गोलांनी हरविले. त्यानंतर त्यांना तशी संधी पुन्हा लाभली नाही.

१८८८ मध्ये ॲस्टन व्हिलाचे विल्यम मॅग्रेगर यांच्या पुढाकाराने बारा मंडळांची ‘फुटबॉल लीग’ स्थापन झाली. खेळाडूंचे वेतन नियमित द्यावयाचे तर सामने निश्चित हवेत व उत्पन्न खात्रीचे हवे, हा त्यामागील सरळ व्यावहारिक विचार होता. लीगमध्ये एका गावातून एकच मंडळ घेण्याचे धोरण होते. ब्लॅकबर्नमधून निवड झाली रोव्हर्सची. ऑलिंपिकने ‘काँबिनेशन’ नामक दुय्यम संघटनेचा आसरा घेतला, पण ती एका हंगामातच कोसळली. १८८९ च्या आरंभी मंडळाला आपले सर्व धंदेवाईक खेळाडू मुक्त करावे लागले आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात मंडळ विसर्जित झाले. रोव्हर्स आजही विद्यमान आहे. ऑलिंपिक केवळ चषकाच्या विजेत्यांच्या यादीत एका ओळीपुरते उरले आहे.

या शेवटात एक विलक्षण विसंगती आहे. मजुराला खेळण्यासाठी वेळ हवा असेल तर त्या वेळेचे मोल कोणी तरी दिले पाहिजे, हे तत्त्व ऑलिंपिकच्या विजयाने साऱ्या इंग्लंडच्या नजरेस आणून दिले. ते तत्त्व मान्य झाले, आणि त्याच तत्त्वाच्या बाजारात ऑलिंपिकची पत संपली. खेळाडू म्हणून मजूर जिंकला. मंडळाचा धनी म्हणून तो हरला.

८. उपसंहार

लँकाशायरच्या मैदानावरील हा प्रश्न त्याच सुमारास मुंबईच्या गिरणगावातही अगदी प्राथमिक रूपात उभा होता. ब्लॅकबर्नच्या विणकराला शनिवारची दुपार मिळून एक पिढी लोटली होती, त्या वेळी मुंबईच्या गिरणीकामगाराला आठवड्यातून एक दिवसाचीही हक्काची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची सभा भरवून रविवारच्या सुटीची व दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी सरकारी आयोगापुढे मांडली. मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली ती १० जून १८९० रोजी, म्हणजे ऑलिंपिक मंडळ बंद पडल्यानंतर. हिंदी गिरण्यांवर कायद्याचे नियंत्रण यावे यासाठी लँकाशायरचे गिरणीमालकही आग्रही होते, परंतु त्यांच्या आग्रहामागे कामगारांविषयीच्या कळवळ्यापेक्षा मुंबईच्या वाढत्या स्पर्धेची धास्ती अधिक होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

यावरून निघणारा निष्कर्ष असा. कोणत्याही खेळाचा इतिहास लिहिताना विजेत्यांची नामावली व गोलांची संख्या देऊन भागत नाही. खेळणाऱ्याची फुरसत कोठून आली, तिची किंमत कोणी मोजली आणि त्या बदल्यात खेळाची मालकी कोणाकडे गेली, हे तपासावे लागते. आपल्याकडील कबड्डी, खोखो, कुस्ती व क्रिकेट यांच्या इतिहासाला हीच कसोटी लावून पाहिल्यास गिरणगावातील व्यायामशाळा, संस्थानिकांचे आखाडे आणि जिमखान्यांची मैदाने यांविषयी पुष्कळ नवे हाती लागेल. ब्लॅकबर्नच्या या विसरल्या गेलेल्या मंडळाचा अभ्यास त्या दिशेने एक पाऊल म्हणून उपयोगी पडावा.